डॅशबोर्डवरचं लाल गाव

महिनाअखेरीला आपल्या मेस सेक्रेटरीचा चेहरा कधी नीट बघितलाय का? समोर तीन वह्या. एकीत हजेरी, दुसरीत भाजीवाल्याचा हिशोब, तिसरीत गॅस आणि किराणा. आणि भोवती दहाजणी उभ्या : "या महिन्यात बिल दोनशेनं कसं काय वाढलं गं?" ती बिचारी आधी एकूण खर्च बघते, मग आठवड्याचा, मग त्या एका रविवारच्या फीस्टवर बोट ठेवते आणि म्हणते, "हे बघा, पनीर!"

मैत्रिणींनो आणि मित्रांनो, एवढं केलं की झालं बिझनेस इंटेलिजन्स! खोटं नाही सांगत. फक्त कंपनीत वह्यांच्या जागी डेटाबेस असतात आणि बोटाच्या जागी माउस.

(माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटात झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

हा विषय वाटतो तितका नवा नाही. आयबीएमचे हान्स पीटर लून यांनी १९५८ साली याच नावाचा लेख लिहिला होता. डीबीएमएसच्या पेपरात ज्यांच्या नियमांनी आपल्याला छळलं, त्या कॉडसाहेबांनी १९९३ मध्ये 'ओलॅप' हा शब्द पुढे आणला. ओलॅप म्हणजे तोच डेटा महिन्याने, गावाने, मालाने असा हवा तसा कापून बघायचा. पुढे हा धंदा इतका वाढला की २००७ या एकाच वर्षात ओरॅकलने हायपेरियन, सॅपने बिझनेस ऑब्जेक्ट्स आणि आयबीएमने कॉग्नोस घ्यायचं ठरवलं. तेव्हा ही हत्यारं फक्त मोठ्या कंपन्यांना परवडायची. २०१५ मध्ये पॉवर बीआय बाजारात आलं. त्याची डेस्कटॉप आवृत्ती फुकट मिळते, म्हणून माझ्यासारखी थर्ड इयरची मुलगीसुद्धा डॅशबोर्ड बनवू शकते. आणि चुकूही शकते. माझी तीच चूक सांगायला हा लेख लिहायला घेतलाय.

आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण घरी अजून सगळे नगरच म्हणतात) एंटरप्राइझ म्हटलं की पहिल्यांदा साखर कारखानाच डोळ्यासमोर येतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला. तेव्हापासून जिल्ह्यात ऊस आहे, चिमणी आहे आणि डेटासुद्धा आहे. गेल्या सुट्टीत मी जिल्ह्यातल्याच एका कारखान्यात ट्रेनिंगला होते. नाव सांगत नाही, कारण घोळ माझा होता, त्यांचा नव्हे.

कारखान्यात डेटा जन्माला येतो तो वजनकाट्यावर. बैलगाडी असो, ट्रॅक्टर असो की ट्रक, भरल्यावर एकदा वजन आणि रिकामं झाल्यावर एकदा. पावतीवर शेतकऱ्याचा कोड, गाव, गट, उसाची जात आणि लागणीचा प्रकार येतो. लागण म्हणजे आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा. एक खेप म्हणजे टेबलात एक ओळ. हे मोठं टेबल मध्ये ठेवायचं आणि गावं, जाती, तारखा यांची छोटी टेबलं भोवती जोडायची. पुस्तकात याला स्टार स्कीमा म्हणतात. चित्र खरंच चांदणीसारखं दिसतं.

डेटा साफ करण्यात माझे नऊ दिवस गेले. कुणी बुद्रुक लिहिलंय, कुणी बु., कुणी बु॥. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ही तीन गावं! आणि सगळी एकत्र करायच्या उत्साहात मी एक खुर्दही बुद्रुकात घातलं. ते दुपारी चहाच्या वेळी एका क्लार्कच्या लक्षात आलं, नाहीतर दोन गावांची भांडणं लागली असती. असो.

दुसरी चूक सरासरीची. साखर उतारा म्हणजे १०० टन उसातून किती टन साखर निघाली. समजा, हंगामाच्या पहिल्या दिवशी १,००० टन ऊस गाळला आणि ८० टन साखर झाली, म्हणजे उतारा ८ टक्के. नंतर एका दिवशी ४,००० टनांतून ४४० टन, म्हणजे ११ टक्के. दोन्हींचा सरासरी उतारा किती? माझ्या डॅशबोर्डने ८ आणि ११ ची सरासरी काढून साडेनऊ दाखवला. खरं उत्तर ५,००० टनांत ५२० टन, म्हणजे १०.४. टूलला दोष नाही. कॉलम ओढून टाकला की 'सम', 'अॅव्हरेज' असे पर्याय येतात, मी 'अॅव्हरेज' निवडला. टक्क्यांची सरासरी काढायची नसते. वरची बेरीज वेगळी, खालची बेरीज वेगळी, भागाकार सगळ्यात शेवटी.

हा काही मार्क कापण्यापुरता फरक नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली आणि त्यावर दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. १० लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचा हिशोब करा : त्या ०.१ चे ३ कोटी ४६ लाख रुपये होतात. आणि मी ०.९ चा घोळ घातला होता!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. दोन्ही चुका दुरुस्त केल्यावर मला वाटलं, आता काहीतरी भारी करू. नकाशा घेतला, गावनिहाय उतारा काढला आणि रंग दिले. जास्त उतारा हिरवा, कमी उतारा लाल. स्क्रीन इतका सुंदर दिसत होता की मी फोटो काढून होस्टेलच्या ग्रुपवर टाकला. नीट बघते तर माझ्या मामाचं गाव लालभडक!

रविवारी मामाकडे गेले होते, तेव्हा बोलता बोलता सांगून टाकलं. मामा काही रागावला नाही. नुसतं म्हणाला, "काय गं, आमचा ऊस गव्हाणीत पडला की वेगळा दळत्यात का? मग तुझ्या मशिनीला कळलं कसं?"

मी गप्प. कारण त्याचं बरोबर होतं. गव्हाणीत सगळ्या गावांचा ऊस एकत्र पडतो, रस एकत्र होतो, पोती एकत्र भरतात. उसाचं वजन खेपेखेपेला मोजलं जातं, पण साखर मोजली जाते अख्ख्या कारखान्याची, दिवसाची. आमच्या भाषेत दोन्हींचा 'ग्रेन' वेगळा. मी काय केलं होतं? त्या दिवसाची साखर त्या दिवशी ऊस आणलेल्या गावांना वजनाच्या प्रमाणात वाटून टाकली होती. म्हणजे गावापुढचा आकडा गावाचा नव्हताच, ज्या दिवशी त्याचा ऊस आला त्या दिवसांचा होता.

सोमवारी शेतकी अधिकाऱ्यांना दाखवलं तर त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं, "बाळ, तुझी लाल गावं बघ. सगळी आडसालीवाली." आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात, म्हणून पुढच्या वर्षी तोडही त्याचीच आधी येते, नोव्हेंबरात. तेव्हा थंडी नीट पडलेली नसते, मिलही नुकतीच सुरू झालेली असते, त्यामुळे उतारा कमीच. जानेवारी-फेब्रुवारीत तो चढतो. त्यामुळे ज्यांची तोड उशिरा आली ती गावं आपोआप हिरवी झाली. आडसालीला खर्च जास्त, मेहनत जास्त, टनेजही जास्त. आणि नेमक्या त्यांनाच मी लाल रंग फासला होता.

हा नकाशा कुणी मीटिंगमध्ये लावला असता तर? तोडणीचा कार्यक्रम आखताना 'या गावाचा ऊस हलका' असं कुणीतरी म्हणालंच असतं. आकड्याशी माणूस भांडतो, लाल रंगाशी कोण भांडणार? टूलची खरी गोम हीच आहे. 'गाव' ओढून 'उतारा'वर टाकलं तर ते कधीच नाही म्हणत नाही. काही ना काही आकडा देतंच, तोही दोन दशांश स्थळांपर्यंत.

मग गावाचा गोडवा बघायचाच असेल तर काय? त्याची वेगळी वही कारखान्यात आधीपासून होती. शेतकी खात्याची माणसं तोडीपूर्वी प्लॉटवर जाऊन हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचे दोन थेंब टाकतात आणि ब्रिक्स बघतात. ब्रिक्स म्हणजे उतारा नव्हे, पण तो त्या शेतातला असतो आणि त्यावर तारीखही असते. मी ते रजिस्टर टाइप करून घेतलं आणि एकाच पंधरवड्यातल्या, एकाच लागणीच्या प्लॉटांची तुलना केली. मामाचं गाव मधल्या रांगेत आलं. फार वर नाही, खाली तर नाहीच. (मला हिरवं आलेलं आवडलं असतं, पण नाही आलं.)

उताऱ्याच्या मेजरमध्ये शेवटी एक अट घातली. पॉवर बीआयमध्ये 'इजफिल्टर्ड' नावाचं फंक्शन आहे. कुणी गाव निवडलं की उताऱ्याचा रकाना कोरा राहतो आणि खाली ओळ येते : 'उतारा फक्त दिवसनिहाय पाहावा.'

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत एक्स्टर्नल सरांनी नेमकं गावावरच क्लिक केलं. "हा रकाना रिकामा का? तुमचा प्रोग्राम चालत नाही वाटतं?"

मी म्हटलं, "सर, चालतोय म्हणूनच रिकामा आहे," आणि गव्हाणीपासून सगळं सांगायला सुरुवात केली.