पिशवीतली फाईल

माझा भाचा ६ वर्षांचा. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला; पाय ताठ, बोलणे अडखळते, मधून फिट येते. बहिणीचे बिऱ्हाड नाशकात गंगापूर रस्त्याला. फिटचे डॉक्टर एकीकडे, व्यायाम दुसरीकडे, वाचा-उपचार तिसरीकडे; आणि दर ठिकाणी हिने फाईल काढून सारी कथा पहिल्यापासून सांगायची! एकाच्या औषधाने पोर सकाळभर गुंगीत, तर दुसऱ्याचा शेरा, ‘मूल सहकार्य करीत नाही.’ दोघांतली निरोप्या कोण, तर आई.

ही वणवण वाचावी म्हणून एक सोय आहे, वाचकहो. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच पालघरहून सुरू झाला. पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी व अनुदानित शाळांत एकदा मुले तपासतात. दोष आढळल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बालरोगतज्ज्ञ, व्यायाम-उपचारक, वाचा-उपचारक एकाच छपराखाली भेटावेत, अशी योजना. पण ‘सरकारी’ म्हटले की आम्हा पांढरपेशांचे पाऊल अडखळते. माझेही अडखळलेच!

अखेर मराठीच्या मास्तराला जमेल तेवढे केले. त्या जाडजूड फाईलचा एका पानात सारांश लिहिला : औषधे, त्यांच्या वेळा, फिटच्या तारखा. व्यायामाच्या बाईंनी तो वाचला आणि स्वतः फिटच्या डॉक्टरांना फोन लावला. आता व्यायाम संध्याकाळी असतो. पोर जागे असते.