पाणीपट्टी आणि प्रकृती

ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला पावसाळ्याचे पहिले दिवस परिचयाचे असतात. जुलाब, उलट्या, कावीळ, विषमज्वर यांचे रुग्ण वाढतात आणि त्यांत वृद्धांची अवस्था सर्वांत नाजूक असते. औषधोपचार आम्ही करतो; परंतु या आजारांचे मूळ पुष्कळदा गावच्या टाकीत, फुटक्या जलवाहिनीत आणि ग्रामपंचायतीच्या जमाखर्चात असते. म्हणून पाणीपट्टीसारखा वरकरणी रूक्ष विषय आज मुद्दाम घेतला आहे.

नळ आला, पुढे काय?

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनचे उद्दिष्ट ग्रामीण भागातील प्रत्येक घरी नळाने माणशी रोज ५५ लिटर शुद्ध पाणी देण्याचे आहे. पाच माणसांच्या घरास हे २७५ लिटर होतात. महाराष्ट्रात या योजनेच्या खर्चाचा भार केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. गावांतर्गत कामांच्या खर्चात लोकवर्गणी १० टक्के, तर डोंगराळ, वनक्षेत्रातील किंवा अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांत ५ टक्के धरलेली आहे. ती श्रमदानानेही देता येते.

योजना उभी राहिल्यावर मात्र ती चालविण्याचा खर्च सुरू होतो. पंपाचे वीजबिल, जलसुरक्षकाचे मानधन, टीसीएल पावडर, व्हॉल्व्ह व वाहिन्यांची दुरुस्ती हे सारे ग्रामपंचायतीला पाहावे लागते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी राखून ठेवला. तरीही रोजचा गाडा चालतो तो मुख्यतः पाणीपट्टीवर.

थकबाकीचा आजाराशी संबंध

पट्टी थकली की वीजबिल थकते आणि पंप बंद पडतो. वाहिनी रिकामी राहिली की आतील दाब नाहीसा होतो व गळतीच्या जागेतून गटाराचे पाणी आत शिरते. पुढच्या वेळी नळ सुटतो तेव्हा तेच पाणी घरोघर पोहोचते. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढणाऱ्यांमुळेही हेच घडते. शिवाय शेवटच्या टोकाच्या घराला थेंबही मिळत नाही. त्या घरात एकटी आजी राहत असेल तर तिने हंडा घेऊन जायचे कोठे?

पाणी दूरवरून आणावे लागले, की वृद्ध मंडळी ते कमी पितात. वयोमानाने तहानेची जाणीव आधीच मंदावलेली असते. परिणामी बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग, चक्कर येऊन पडणे असे त्रास उद्भवतात. त्यात जुलाब लागले आणि रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असली, तर मूत्रपिंडांवर ताण येतो. अशा वेळी ओआरएस लगेच सुरू करावे आणि गोळ्यांविषयी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी दिवसाला किती पाणी प्यावे, हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.

ग्रामसभेत विचारावयाचे प्रश्न

• गेल्या वर्षी पाणीपट्टी किती जमली व कशावर खर्च झाली?
• टीसीएल पावडर केव्हा आणली? ती कोरड्या जागी बंद ठेवली जाते का? जुन्या पावडरीतील क्लोरीन उडून जातो.
• नळाच्या पाण्याची ओटी चाचणी रोज होते का? टोकाच्या घरातही क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम आढळला पाहिजे.
• टाकी शेवटची केव्हा धुतली?
• निराधार वृद्धांना पट्टीत सवलत आहे का?

गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असाव्यात अशी अपेक्षा आहे. घरातील सुनेने, लेकीने तेथे बोलावे. कोणाला सवलत द्यायची आणि पट्टी किती आकारायची, हे गावाने उघडपणे ठरविले तर वसुलीही सुकर होते.

घरच्या घरी

पावसाळ्यात वृद्धांचे पिण्याचे पाणी चांगली उकळी फुटेपर्यंत तापवून, झाकून थंड करावे. भांडे अरुंद तोंडाचे किंवा तोटीचे असावे. पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे, हात बुडवू नये. भरलेला तांब्या-पेला वृद्धांच्या हाताशी ठेवावा.

नोकरीनिमित्त शहरात असलेल्या मुलांनी आई-वडिलांच्या औषधांच्या यादीत आणखी एक नोंद करावी: गावच्या घराची पाणीपट्टी. समजा ती वर्षाला १२०० रुपये असेल, तर दिवसाला साडेतीन रुपयांहूनही कमी पडते. ती वेळेवर भरावी, पावती जपून ठेवावी आणि गावी फोन कराल तेव्हा औषधांबरोबर हेही विचारावे, की नळाला पाणी आले का आणि ते स्वच्छ होते का.