हात लावला की ओरबाडणारं मांजर : त्याचा विश्वास कसा मिळवायचा?



आपल्या रत्नागिरीत मांजरांना तोटा नाही. मिरकरवाड्याच्या बंदरावर जाळ्यांच्या ढिगांमधून ती फिरतात, घरांच्या पडवीत झोपतात, पावसाळा लागला की चुलीजवळची उबदार जागा पकडतात. काही मांजरं खुशाल मांडीवर येऊन बसतात. काही मात्र पायाशी घोटाळतात, म्याव म्याव करून खायला मागतात, पण हात लावला की क्षणात ओरबाडतात किंवा चावतात. घरात लहान मूल असेल तर मग एकच वाक्य ऐकू येतं, "हे मांजर मारकुटं आहे, पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून या."

सोडून आल्याने प्रश्न सुटत नाही. अनोळखी जागी ते उपाशी फिरतं आणि तिथल्या बोक्यांचा मार खातं. उपासमार होईल अशा अवस्थेत पाळीव जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. म्हणून आज आपण पाहू या, मांजर असं का वागतं आणि आपण काय करायचं.

मांजर हात का लावू देत नाही?

पहिलं कारण बालपणात आहे. पिल्लू साधारण २ ते ७ आठवड्यांचं असतं, तेव्हा माणसाच्या हाताची सवय सर्वांत सहज लागते. आता आपल्याकडचं चित्र आठवा. मांजरी माळ्यावर किंवा लाकडांच्या खोपीत विते आणि आपली पिल्लं सात घरं फिरवते, असं आपण म्हणतोच. ही पिल्लं आपल्या नजरेस पडतात तोवर ते आठवडे बरेचदा निघून गेलेले असतात. अशा पिल्लाला माणूस म्हणजे जेवण हे कळतं, पण माणसाचा हात म्हणजे काय ते कळत नाही. वरून झपकन येणारा हात त्याला शिकाऱ्यासारखा वाटतो.

दुसरं कारण दुखणं. दात किडले असतील, सांधे धरले असतील, बोक्यांच्या भांडणात झालेल्या जखमेत पू झाला असेल, पिसवा झाल्या असतील, तर स्पर्श नकोसा होतो. मांजर दुखणं लपवतं. म्हणून कालपर्यंत अंगाखांद्यावर खेळणारं मांजर आज अचानक चावू लागलं, तर आधी पशुवैद्याकडे न्या. घरातली औषधं देऊ नका. आपण तापावर घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

तिसरं कारण म्हणजे स्पर्शाची मर्यादा. काही मांजरांना थोडा वेळ कुरवाळलेलं आवडतं, पण हात फिरतच राहिला की त्याचा त्रास होऊ लागतो. आपण म्हणतो, "आत्ता तर घुरघुरत होतं, मग चावलं कसं?" चावण्याच्या आधी त्याने सांगितलेलं असतं. आपण ते वाचलेलं नसतं.

मांजराचं 'नको' कसं ओळखायचं?

ओरबाडणं हा मांजराचा शेवटचा शब्द असतो. त्याआधी ते बहुतेक वेळा हे सांगतं :

• शेपटीचं टोक हलायला लागतं, मग शेपटी जमिनीवर आपटते.
• पाठीची कातडी थरथरते.
• कान बाजूला वळतात किंवा मागे चपटे होतात.
• डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात.
• घुरघुर थांबते, अंग ताठ होतं.
• मान वळवून ते आपल्या हाताकडे बघतं.

यांतलं एक जरी दिसलं तरी हात थांबवायचा. हात झटक्यात ओढू नका, हलणाऱ्या वस्तूवर झडप घालणं हा त्याचा स्वभाव आहे. हात सैल सोडा आणि सावकाश मागे घ्या.

आणखी एक गैरसमज. मांजर आपल्यासमोर पोट उघडं करून लोळलं, तर त्याला सुरक्षित वाटतंय एवढंच समजा. पोटाला हात लावा, असं ते सांगत नसतं.

विश्वास मिळवण्याच्या पायऱ्या

१) सुरुवातीचे काही दिवस हात लावायचाच नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी खायला द्या. लपायला एक खोका आणि चढून बसायला उंच फळी असू द्या. तिथे गेलेल्या मांजराला कोणी ओढून काढायचं नाही, हा घराचा नियम करा. झोपलेल्या मांजरालाही हात लावू नये.

२) त्याच्या खोलीत जमिनीवर बसा, थोडं बाजूला वळून. वाचत बसा किंवा तांदूळ निवडा. टक लावून पाहू नका. नजरानजर झाली तर डोळे हळूच बारीक करा, मिटा, उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाने असे सावकाश डोळे मिटले की मांजरंही डोळे बारीक करून उत्तर देतात आणि अनोळखी माणसाजवळही यायला अधिक तयार होतात, असं त्यांना दिसलं. मांजर डोळे मिटून दूध पितं ही म्हण आपण लबाडीसाठी वापरतो, पण इथे डोळे मिटणं म्हणजे 'तुझी भीती नाही' असं सांगणं आहे.

३) मग एक बोट त्याच्या नाकापासून थोडं लांब, खालच्या बाजूने धरा आणि थांबा. ते पुढे येऊन वास घेईल. गाल घासला तर होकार समजा. तोंड फिरवलं किंवा नुसतं बसून राहिलं, तर आजचा धडा संपला.

४) होकार मिळाला की गाल, हनुवटीखाली किंवा कानांच्या बुडाशी हळूच कुरवाळा, तेही मनात तीन आकडे मोजेपर्यंत. मग हात काढा. त्याने पुन्हा डोकं पुढे केलं तरच पुढे. पोट, पंजे आणि शेपटीचं मूळ सोडून द्या. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाने लंडनच्या बॅटरसी प्राणी निवारा संस्थेत असाच प्रयोग केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निवड मांजरावर सोपवायला शिकलेल्या माणसांशी मांजरं जास्त मायेने वागली आणि चावणं-ओरबाडणं कमी झालं.

५) हात हे खेळणं नव्हे. लांब काठीला चिंधी बांधून खेळवा आणि खेळ झाला की ती उचलून ठेवा.

फटका मारणं, ओरडणं, अंगावर पाणी उडवणं याने मांजर एवढंच शिकतं की माणसाच्या हाताला घाबरायचं ते बरोबरच होतं. मग ते इशारा न देता थेट चावू लागतं. हे नुकसान भरून यायला फार वेळ लागतो.

किती दिवस लागतील? काहींना काही आठवडे, काहींना कित्येक महिने. काही मांजरं मांडीवर कधीच येणार नाहीत. ती हातभर अंतरावर येऊन, आपल्याकडे पाठ करून निवांत झोपली, तर तोही विश्वासच आहे.

चावलं तर काय करायचं?

साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो. त्याची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते, आणि डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पूर्ण करायचे असतात. ओरखडा लहान दिसला तरी मुलांनी तो लपवू नये. म्हणून "तूच त्याची खोडी काढली असशील" असं म्हणून मुलाला आधी रागावू नका. रागाच्या भीतीने ते पुढच्या वेळी सांगणार नाही.

वर्गात काय करता येईल?

परिसर अभ्यासाच्या तासाला फळ्यावर मांजराची पाच-सहा चित्रं काढा : शेपटी उभी, कान चपटे, डोळे अर्धे मिटलेले. मुलांनी प्रत्येक चित्राला 'हो', 'थांब' किंवा 'नको' असं कार्ड दाखवायचं. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी हा उपक्रम घेतला तर जखम धुण्याचं प्रात्यक्षिकही जोडता येईल.

यानंतर मुलांना एक प्रश्न विचारा : "पाहुण्यांनी तुमचा गाल ओढला तर तुम्हाला आवडतं का?" उत्तरं ऐकण्यासारखी असतात. सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्शाबद्दल आपण मुलांना शिकवतोच. पण ते शिकणं दोन्ही बाजूंचं असतं : आपलं 'नको' सांगता येणं आणि दुसऱ्याचं 'नको' ऐकू येणं. ज्याला बोलता येत नाही त्याचं 'नको' ज्या मुलाला ओळखता येतं, ते मूल बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राचंही ओळखेल. आणि डोक्यावर हात ठेवताच अंग चोरणारं एखादं मूल वर्गात असेल, तर ते आपल्यालाही दिसायला हवं. तिथेही हात मागे घेऊन थोडं थांबायचं असतं.