फवारणीच्या ड्रोनला मळमळत नाही

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पाठीवर कीटकनाशकाचा पंप घेऊन पिकाच्या तासात शिरलेल्या माणसाच्या तोंडावरच फवारा येत होता. त्या हंगामात शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दवाखान्यात दाखल झाले. जिल्ह्यात सुमारे 20 जण दगावले.

प्रोफेनोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट औषधं शरीरातलं अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे एंझाइम अडवतात. मग मज्जातंतूंनी दिलेला संदेश थांबतच नाही. लाळ सुटते, दरदरून घाम येतो, बुबुळं आकसतात, नजर धूसर होते, पोटात ढवळून येतं. माणूस पंप उतरवून धुऱ्यावर बसतो आणि घाबरतो. ही भीती डोक्यात वेगळी तयार होत नाही. बिथरलेलं काळीज, आतडी, श्वास हेच तिचं कच्चं सामान असतं.

आता ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन मिळू लागले आहेत. बॅटरी उतरली की ड्रोन आपणहून परत फिरतो. मग ही त्याची भूक म्हणायची का?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. 1948-49 मध्ये ब्रिस्टलला ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञाने एल्मर आणि एल्सी नावाची दोन यांत्रिक कासवं बनवली. उजेडाकडे सरकणारी ही कासवं बॅटरी संपत आली की चार्जिंगच्या खोपटाकडे वळत. बघणाऱ्यांना ती भुकेलेली वाटत. वाटणं आणि असणं यांत मात्र मोठं अंतर आहे. ड्रोनमध्ये एक आकडा ठरलेल्या रेषेखाली जातो आणि प्रोग्रामची एक ओळ चालू होते, एवढंच. तो कोसळला तर नुकसान बचत गटाच्या खात्यावर पडतं, ड्रोनचं स्वतःचं काहीच जात नाही.

मेंदूशास्त्रज्ञ अँटोनियो डमासिओ यांचं म्हणणं याच जागी येऊन टेकतं: भावना म्हणजे जीव तगवण्याच्या धडपडीची आतून लागणारी चाहूल. 2019 मध्ये किंगसन मॅन आणि डमासिओ यांनी सुचवलं, की भावना असलेलं यंत्र हवं असेल तर त्याला आधी मऊ, इजा होऊ शकेल असं अंग द्या आणि ते सांभाळायची जबाबदारीही त्याच्यावरच टाका. मोबाइलवरचा चॅटबॉट ‘तुमचं दुःख मला समजतं’ असं म्हणतो, ते माणसांच्या लिखाणावरून शिकलेलं वाक्य असतं. (तसं बोलणाऱ्या माणसांचीही खात्री कुठे असते, ही गोष्ट वेगळी.) पण चॅटबॉटला गमवायला काही नाही, आणि म्हणून आजच्या यंत्रांना भावना आहेत हे मला पटत नाही. पुढे कधीच येणार नाहीत, असं मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही.

विषाच्या कामाला ड्रोन चालतो, कारण त्याला काही होत नाही. ज्याला मळमळेल, भीती वाटेल असं यंत्र आपण घडवलं, तर त्याला त्या तासात धाडणं हा पुन्हा तोच गुन्हा ठरेल. जर्मन तत्त्वज्ञ थॉमस मेट्झिंगर यांनी 2021 मध्ये मागणी केली, की यंत्रांत वेदना जागवू शकेल अशा संशोधनावर 2050 पर्यंत जगभर बंदी घालावी. माझ्या मते ही मागणी रास्त आहे.