मोरीशेजारची टाकी

खानावळीत नवीन मुलगा जेवायला लागला, की मी त्याला विचारते, "खोलीवर गॅस कुठे ठेवलायस?" उत्तर ठरलेलं असतं. "मोरीशेजारी, काकू. दुसरी जागाच नाही."

खरंच नसते. रहाटणीत नखाते वस्तीच्या बाजूला दहा बाय दहाच्या खोल्या आहेत. भोसरी-चाकणच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी लातूर-नांदेडची मुलं एकेका खोलीत चार-चार राहतात. रात्रीचा डबा माझा, सकाळचा चहा-पोहे त्यांचे. त्यासाठी एक छोटी टाकी, जिच्या डोक्यावरच बर्नर बसवलेला असतो.

लग्न होऊन आले तेव्हा आमचीही अशीच होती. कनेक्शनला लागणारा पत्त्याचा पुरावा कुठला? एक दुकानदार मोठ्या टाकीतून छोटीत गॅस उतरवून द्यायचा, त्याच्याकडूनच भरून आणायचो. थंडीच्या एका रात्री हे सेकंड शिफ्टवरून आले. मी चटईवर आडवी होते, तेवढ्यात वास आला. म्हटलं, "गॅस सुटलाय." हे दारात उभे राहून म्हणाले, "मला तर काही येत नाही." मग बूट सोडायला खाली वाकले आणि तसेच थांबले. "अगं, खरंच की!" हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला, तो मी ओरडून थांबवला. दार सताड उघडलं, अंधारातच चाचपडत टाकीचा कॉक आवळला आणि टाकी बाहेर मैदानात नेऊन ठेवली.

आडव्या माणसाला वास आला आणि उभ्याला आला नाही, हे कोडं मला पुढे बरीच वर्षं सुटलं नव्हतं. खानावळीसाठी रीतसर निळी, 19 किलोची टाकी घेतली, तेव्हा जोडणी करायला आलेल्या मेकॅनिकने ते सोडवलं. हा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. म्हणून तो पाण्यासारखा वागतो. उतार शोधतो, खोलगट जागी साचतो आणि मोरीत शिरतो. टाकीत तो दाबाखाली पातळ असतो. एक लिटर बाहेर पडला की फुगून सुमारे अडीचशे लिटर होतो. हवेत शंभराला दोन भाग मिसळला, तरी ठिणगीची वाट पाहत बसतो. मुळात त्याला वास नसतो. आपल्याला कळावं म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन घालतात.

ही एक गोष्ट डोक्यात बसली, की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. टाकी मोरीपासून लांब का? गॅस त्या वाटेने जाऊन दुसरीकडे साचतो म्हणून. ओट्याखालच्या बंद कपाटाला तळाशी जाळी का? सुटलेला गॅस निघून जावा म्हणून. वास आल्यावर पंखा लावायचा नाही आणि चालू असेल तर बंदही करायचा नाही, कारण ठिणगी बटणातच असते. फ्रिजला तर हातही लावावा लागत नाही, त्याचं यंत्र आपलं आपण चालू-बंद होत असतं. म्हणून रेग्युलेटर बंद करायचा, दार-खिडक्या उघडायच्या, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बाहेरून 1906 लावायचा. गॅसगळतीसाठी हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

कोकणे चौकाकडच्या सोसायट्यांत आता एमएनजीएलचा पाइप गॅस आलाय. तो मिथेन, हवेपेक्षा हलका. तो छताकडे जातो, म्हणून तिथे वरचा झरोका मोकळा हवा. एकाच गावात दोन गॅस, दोघांच्या वाटा उलट्या.

टाकी घेताना मी तीन गोष्टी पाहते. पहिलं वजन. घरच्या लाल टाकीत 14.2 किलो गॅस असतो; टाकीवर कोरलेलं रिकामं वजन त्यात मिळवायचं आणि डिलिव्हरीवाल्याला काट्यावर टांगायला लावायचं. दुसरी, कड्याखालच्या पट्टीवरची तारीख. 'सी 27' म्हणजे सप्टेंबर 2027 पर्यंत टाकीची पुन्हा चाचणी लागत नाही. ए, बी, सी, डी या वर्षाच्या चार तिमाह्या. तिसरं, तोंडातलं रबरी वायसर. जोडल्यावर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून बघणारे शहाणे मी पाहिलेत. नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायचीच, दिसायला धड असली तरी.

ऑक्टोबर 2023 मध्ये इथून जवळच, ताथवड्यात, रात्री टँकरमधून टाक्यांत चोरून गॅस भरताना आग लागली. एकामागून एक टाक्या फुटल्या आणि शेजारी उभ्या स्कूलबस जळाल्या. दुसऱ्या दिवशी मी मुलांना एवढंच म्हटलं, "तुमची छोटी टाकी भरणाराही हेच काम करतो, फक्त लहान प्रमाणात." आता पाच किलोची टाकी एजन्सीत ओळखपत्रावर मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. त्या काळी ती मिळती, तर आमची ती रात्र टळली असती.

उघड्यावर धोका नाही असं वाटतं. तुकोबांची पालखी आकुर्डीला विठ्ठल मंदिरात मुक्कामी येते, तेव्हा मी एका दिंडीच्या स्वयंपाकाला जाते. पाऊस आला की चारी बाजूंनी कनात ओढतात आणि भिजू नये म्हणून टाकी आत घेतात. झालं, मैदानाची पुन्हा दहा बाय दहाची खोली! टाकी कनातीबाहेर हवी, भिजली तरी चालते. ती उभीच हवी. गॅस संपत आला म्हणून आडवी केली, तर पातळ गॅसच नळीत येतो आणि भट्टीवर भडका उडतो. गार पडली म्हणून खाली विस्तव किंवा उकळतं पाणी नको. वाऱ्याने भट्टी विझली, तर आधी कॉक बंद, थोडं थांबणं, मग काडी. आणि डोक्यावर बर्नर असलेल्या छोट्या टाकीवर मोठं पातेलं कधीच नाही, ती कलंडते.

आता आमच्या घरी पलंग आहे, चटई गेली. पण रात्री खानावळ आवरल्यावर रेग्युलेटर बंद करून शेवटचा झाडू मीच मारते. मुली म्हणतात, "आई, बाईला सांग ना." झाडू मारताना नाक जमिनीजवळ जातं, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.