अमेरिकन घटना व व्हर्जिनियाची सभा

इ. स. १७८७ च्या सप्टेंबरांत फिलाडेल्फिया येथें अमेरिकेच्या राज्यघटनेचा मसुदा सिद्ध झाला. परंतु १३ संस्थानांपैकीं ९ संस्थानांची संमति मिळाल्यावांचून तो अमलांत यावयाचा नव्हता. व्हर्जिनियाची सभा जून १७८८ मध्यें भरली. न्यू हॅम्पशायरनें २१ जून रोजीं नववी संमति दिली होती, पण ती वार्ता, घोड्यावरच्या टपालाचा तो काळ असल्यामुळें, येथें पोंचलीच नव्हती.

पॅट्रिक हेन्री ह्या नामांकित वक्त्यानें आरंभींच विचारलें कीं, ‘आम्ही संस्थानें’ असें न म्हणतां ‘आम्ही लोक’ असें म्हणण्याचा अधिकार ह्यांस कोणीं दिला? उत्तर देणारा जेम्स मॅडिसन प्रकृतीनें अशक्त. आवाज इतका बारीक कीं, लेखनिकासही कित्येक वाक्यें ऐकूं येईनात! तथापि हेन्रीचा आक्षेप केवळ वक्तृत्वाचा डौल होता असें आम्हांस वाटत नाहीं. नागरिकांच्या हक्कांची सनद मसुद्यांत खरोखरच नव्हती, व ह्याच उणीवेवर बोट ठेवून जॉर्ज मेसन ह्यानें त्यावर सही नाकारली होती.

२५ जून रोजीं ८९ विरुद्ध ७९ मतांनीं संमति मिळाली, आणि तिजबरोबर दुरुस्त्यांची शिफारसही झाली. पुढें १७८९ मध्यें मॅडिसननेंच काँग्रेसपुढें दुरुस्त्या मांडल्या. त्यांतून निघालेल्या १० दुरुस्त्या १७९१ च्या डिसेंबरांत घटनेंत समाविष्ट झाल्या.