पोटरी उडते, झोप उडते

गेल्या काही आठवड्यांत आमच्या केंद्रावर बायकांचे जे फोन आले, त्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू आली, म्हणून आजच्या कार्यक्रमात तीच घेतली आहे. पोटरीचं मांस आपोआप उडतं. कधी मांडी फडफडते, कधी दंड, कधी डोळ्याची पापणी. दुखत नाही, पण थांबतही नाही. दिवसभर कामाच्या नादात कळत नाही, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू होतं. डोळा लागता लागता अंगाला हिसका बसतो आणि दचकून जाग येते. मग झोप नाही. आणि त्या जागेपणी मनात एकच विचार, मला लकवा तर होणार नाही ना? एका ताईंनी तर आवाज अगदी बारीक करून विचारलं, "घरात कुणाला सांगितलं नाही, पण माझ्या माघारी लेकरांचं कोण बघणार?"

तर आधी हे उडणं म्हणजे काय ते बघू. आपले स्नायू बारीक बारीक तंतूंच्या जुड्यांचे बनलेले असतात. प्रत्येक जुडीला एक नस हुकूम देते, तेव्हा ती आखडते. कधी कधी नसेचं टोक हुकूम नसतानाच चेतवलं जातं आणि तेवढीच एक जुडी आखडते-सुटते, आखडते-सुटते. वरून कातडी हललेली दिसते, पण पाय जागचा हलत नाही. निरोगी माणसांपैकी बहुतेकांना हे कधी ना कधी होतं. पापणी आणि पोटरी या त्याच्या नेहमीच्या जागा. बाईचा डावा डोळा लवला तर शुभ, उजवा लवला तर अशुभ, असं आपण ऐकत आलो आहोत. पापणीला डावं-उजवं काही कळत नाही. जागरण झालं, चहा जास्त झाला, दिवसभर वाकून कापूस वेचला किंवा कांद्याची लागण केली, घरात ताण असला, की ते वाढतं. कधी दोन दिवस राहतं, कधी दोन-तीन आठवडे आणि कधी महिनोन् महिने येत-जात राहतं.

पोटरीत गोळा येतो तो वेगळा. त्यात अख्खा स्नायू दगडासारखा होतो आणि जीव नकोसा होईल इतकं दुखतं. मुंग्या येणं, बधिर होणं हेही वेगळं. डॉक्टरकडे गेल्यावर "अंग कसंतरी होतं" एवढंच सांगितलं तर या तिन्हींत फरक कसा करायचा? म्हणून नीट शब्दांत सांगायला शिकू या.

डोळा लागताना बसणारा हिसकाही ओळखीचाच आहे. जागेपणातून झोपेत उतरताना एखादी पायरी चुकल्यासारखं वाटतं आणि अख्खं अंग दचकतं. तान्ह्या बाळाला होतं, धडधाकट गड्याला होतं. फार दमलेल्या आणि चिंतेत असलेल्या माणसाला जास्त होतं. त्याने हृदय बंद पडत नाही.

आता लकव्याचं. लकवा अचानक येतो. तोंड एका बाजूला वाकडं होतं, एक हात वर उचलला तर खाली पडतो, बोलणं अडखळतं. महिनाभर आधी पोटरी उडवून तो सांगावा धाडत नाही. पण ही तीन लक्षणं अचानक दिसली तर एक मिनिटही न दवडता १०८ला फोन करा, कारण मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. मालिश, देवऋषी, सकाळपर्यंत वाट बघणं, यात ती वेळ निघून जाते.

दुसरी भीती मोबाइलमधून आली आहे. "पोटरी उडते" असं शोधलं की नसा सुकत जाण्याच्या एका दुर्मिळ आजाराचे व्हिडिओ समोर येतात आणि एक बघितला की मोबाइल तसलेच दहा दाखवतो. त्या आजारात मांस उडतं हे खरं. पण त्यात ताकद जाते, आणि जाते ती परत येत नाही. पायातली चप्पल आपोआप निसटते, ब्लाउजचे हूक लावता येत नाहीत, भरलेली कळशी उचलत नाही, घास गिळताना अडतो, हाताचा किंवा पायाचा आकार बारीक होत जातो. तुमची कळशी तुम्ही कालही उचलली, आजही उचलली, आणि फक्त मांस फडफडतं, तर गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी अशा १२१ माणसांकडे पुढं लक्ष ठेवलं. नुसतं मांस उडायचं, तपासणीत बाकी काही दोष नव्हता. कुणाकडे दोन वर्षं, कुणाकडे तर बत्तीस वर्षं. त्यांच्यातल्या एकालाही तो आजार झाला नाही. हा अभ्यास १९९३ साली छापून आला. आणि ज्यांनी हे सगळं पुस्तकातून शिकलेलं असतं, ते डॉक्टरही स्वतःची पोटरी उडाली की असेच घाबरतात, हे डॉक्टरांनीच लिहून ठेवलं आहे. तेव्हा घाबरलात म्हणून लाजू नका.

मात्र एका बाबतीत आम्ही तुम्हाला उलट सांगणार आहोत, तिथं घाबराच. फवारणी. कीटकनाशकांच्या एका मोठ्या गटाची विषबाधा झाली की अंगभर मांस उडायला लागतं. सोबत घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतं, उलट्या होतात, छाती भरून येते, नजर अंधुक होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. पंप पाठीवर गड्याच्या असतो, पण पाणी आणून देणं, औषध कालवणं, नंतर ते कपडे धुणं हे काम बहुतेक घरांत बाईच करते. फवारणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी असं काही झालं तर कपडे बदला, अंग साबणाने धुवा, औषधाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद सोबत घ्या आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. त्या वेळी हा आमचा कार्यक्रम आठवून घरी बसू नका.

बाकी साध्या कारणांची एकदा तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी ५४ जणींना रक्तपांढरी होती. म्हणजे आपल्या दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी. लोह कमी असलं की रात्री पाय वळवळतात, सारखे हलवावेसे वाटतात, हलवले की बरं वाटतं, आणि झोप होत नाही. थायरॉईड जास्त काम करत असेल तर हात थरथरतात, छाती धडधडते, झोप जाते. बी-१२ कमी पडलं की मुंग्या आणि बधिरपणा येतो. दूध-अंडी-मांस जवळजवळ न खाणाऱ्या घरांत याकडे लक्ष हवं. दम्याच्या औषधाने हात कापू शकतात, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी अंगातले क्षार कमी होतात. पाळी जायच्या वयात रात्री अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं आणि झोप मोडते. हे सगळं तपासता येतं, बहुतेकांवर उपाय आहे. एकदा तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले काळजीचं कारण नाही, की तिसऱ्या-चौथ्या दवाखान्यात जाऊ नका. ताकदीची म्हणून जी सलाईन लावतात, तिने आमच्या मते ताकद दवाखान्यालाच येते. तेवढ्या पैशांत महिनाभर शेंगदाणे, गूळ, डाळ आणि पालेभाजी येईल.

सगळं ठीक निघालं आणि तरी उडणं थांबेना, तर मग काय? इथं भीतीचं काम समजून घ्यावं लागतं. एक करून बघा. आत्ता, ऐकता ऐकता, सगळं लक्ष डाव्या पायाच्या अंगठ्याकडे न्या. दहा आकडे मोजा. काहीतरी जाणवायला लागलं ना? गरम, ठणका, मुंग्या? तो अंगठा मघाशीही तिथंच होता. लक्ष गेलं की अंग बोलायला लागतं. आता हेच भीतीने केलं तर? पोटरी उडाली, मन म्हणालं "काहीतरी वाईट आहे". मन घाबरलं की शरीर पळायच्या तयारीला लागतं, साप बघितल्यासारखं. छाती धडधडते, स्नायू ताणले जातात, नसा जास्त चेततात. मग पोटरी आणखी उडते. झोप जाते, आणि झोप गेली की दुसऱ्या दिवशी आणखी उडते. आजार नसतानाही हे चाक महिनोन् महिने फिरत राहतं. उडणं खरं असतं, मनाचे खेळ नसतात, हे घरच्यांनीही ध्यानात घ्यावं. "तुला कामच नाही म्हणून सुचतं" हे वाक्य आम्ही फार ऐकलं आहे. ते ऐकून कुणाची पोटरी शांत झालेली आम्हाला माहीत नाही.

चाकाला आरे घालतो ते आपणच. सारखं पोटरीवर हात ठेवून बघणं, दोन्ही पोटऱ्या मापून बघणं, टाचेवर चालून ताकद तपासणं, नवऱ्याला झोपेतून उठवून "बघा हो, उडतंय का" विचारणं. बघितलं की घटकाभर बरं वाटतं, मग शंका परत येते आणि आधीपेक्षा मोठी होऊन येते. म्हणून हे बघणं कमी करायचं, एकदम बंद होणार नाही. दिवसातून वीस वेळा बघत असाल तर या आठवड्यात दहा वेळा, पुढच्या आठवड्यात पाच. नवऱ्याने किंवा सासूबाईंनी रोज "काही होत नाही गं" म्हणत बसण्यापेक्षा एवढंच म्हणावं, "काळजी वाटतेय ना, चल, जरा अंगणात बसू."

काळजीला एक वेळ ठरवून द्या. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की पंधरा मिनिटं. दिवसभर विचार आला की त्याला सांगायचं, संध्याकाळी ये. त्या वेळी बसायचं आणि पोटभर काळजी करायची, वहीत लिहायची. ऐकायला हसू येतं, आम्हालाही आलं होतं. पण ठरलेल्या वेळी बसल्यावर पुष्कळदा काळजी करायला पंधरा मिनिटं पुरवताना नाकी नऊ येतात.

झोपेसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे उठायची वेळ. रात्र कशीही गेली तरी सकाळी त्याच वेळी उठायचं. दुपारी पडायचं तर अर्धा तास, तेही तीनच्या आत. दुपारनंतरचा चहा सोडा. चारला घेतलेल्या चहाचा अर्धा अंमल रात्री नऊलाही अंगात असतो. मशेरीबद्दल बोललं की बायका रागावतात, पण बोलणं भाग आहे. तंबाखू झोप घालवते, आणि झोपताना लावलेली मशेरी म्हणजे झोपेच्या तोंडावर मारलेलं पाणी. अंथरुणावर पडून अर्धा तास झाला आणि झोप नाही, तर घड्याळ बघत लोळू नका. उठा, मंद उजेडात बसा, वाती वळा, लसूण सोला, डोळे जड झाले की परत आडव्या व्हा. मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत. पडल्यावर पायाची बोटं पाच आकडे घट्ट आवळा आणि सैल सोडा, मग पोटरी, मांडी, मूठ, खांदे, चेहरा. श्वास चार आकड्यांत घ्या, सहा आकड्यांत सोडा. या मधे पोटरी उडाली तर उडू द्या. तिला थांबवायला बसलात की झोप गेलीच म्हणून समजा.

मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय घेऊ नका. तिची सवय लागते, आणि एकदम बंद केली तर झोप आणखी जाते, अंगही आणखी उडतं. कुणी आधीच रोज घेत असेल तर तिने स्वतःच्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी.

भीती इतकी वाढली असेल की जेवण जात नाही, शेतावर जावंसं वाटत नाही, जीव नको वाटतो, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. फोन फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. बोलायला कोपरा मिळत नसेल तर गटातल्या एखादीच्या घरी बसून लावा.

आणि डॉक्टरकडे जाताना एक कागद न्या. केव्हापासून उडतं, कुठं कुठं उडतं, दुखतं का, ताकद कमी झाली आहे का, मुंग्या येतात का, पाळी कशी आहे, कुठल्या गोळ्या चालू आहेत, चहा-मशेरी किती, रात्री किती तास झोप होते, शेतात फवारणी कधी झाली. स्वतःला लिहिता येत नसेल तर आशाताई लिहून देतील, नाहीतर शाळेत जाणारी लेक. कागदाच्या शेवटी तो एक प्रश्नही लिहा जो तिथं गेल्यावर तोंडातून निघत नाही: "मला याची भीती वाटते, ते आहे का नाही, सरळ सांगा."